टिकलीची गोळी आणि जाडोबा टायर

एक होती शेणकिडी. काळी काळी, चकचकीत, टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

एके सकाळी टिकलीने केली एक गोळी. कशाची? शेणाची! शी नाही म्हणायचं हं. ते तिच्या बाळाचं घर. आणि बाळाचा खाऊही तोच. ओली ओली, मऊ मऊ, गोल गरगरीत गोळी.

टिकली डोकं खाली करायची. मागचे पाय वर करायची. आणि उलटं चालत गोळी ढकलायची. घरंगळ घरंगळ, घरंगळ घरंगळ!

"मातीत नेते, मातीत पुरते, बाळाला माझ्या घर करते!"

तेवढ्यात आली एक गाडी. पिवळी पिवळी, विजेवरची. ना धूर, ना घुर्रघुर्र. मग टिकलीला कळणार कसं?

गाडीचे टायर जाड जाड. खोल खोल खाचांचे. धबक धबक, धबक धबक! गाडी आली चढावर, आणि थांबली.

टिकली वाचली. पण गोळी? गोळी जाऊन बसली टायरच्या खाचेत. टुपुक!

टिकलीने वर पाहिलं. ऊन वर चढत होतं. ऊन लागलं की गोळी वाळणार. वाळली की दगड होणार. दगड का कुणी बाळाला खायला देतं?

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली टायरकडे.

"जाडोबा, जाडोबा, माझी गोळी सोड!"

"नाही सोडणार! गाडी हलेल तर मी फिरेन. मी फिरेन तर गोळी सुटेल. जा गाडीकडे!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली गाडीकडे.

"गाडीताई, गाडीताई, जराशी हल!
टायर फिरेना,
गोळी सुटेना,
आणि ऊन काही थांबेना!"

"नाही हलणार! बॅटरी वीज देईल तर हलेन. जा बॅटरीकडे!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली बॅटरीकडे.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, वीज दे!
गाडी हलेना,
टायर फिरेना,
गोळी सुटेना,
आणि ऊन काही थांबेना!"

"नाही देणार!" बॅटरी फणकारली. "सकाळी मी पोटभर वीज घेऊन निघाले. आणि हा जाडोबा! रस्त्यावर दबतो काय, फुगतो काय! माझी सगळी वीज मटकावतो. आता उरलीय एवढीशी. ती याला नाही देणार. हलके फिरणारे टायर येतील तर देईन. जा आत्याकडे!"

आत्या म्हणजे इंदूआत्या. गाडी तिचीच. ती बिचारी रस्त्यात उभी, कमरेवर हात ठेवून.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली आत्याकडे.

"आत्या, आत्या, नवे टायर घे!
बॅटरी देईना,
गाडी हलेना,
टायर फिरेना,
गोळी सुटेना,
आणि ऊन काही थांबेना!"

"नाही घेणार!" आत्या म्हणाली. "हे जाडोबा मीच निवडले गं बाई! बांगड्या निवडाव्या तसे निवडले. म्हटलं, काय रुबाबदार दिसतात! आता माझं मी नाही ठरवणार. मुनीरचाचा सांगतील तर घेईन. जा चाचांकडे!"

चाचांचं टायरचं दुकान समोरच होतं. चाचांच्या डोक्यावर पांढरी टोपी, हाताला काळं काळं.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली चाचांकडे.

"चाचा, चाचा, टायर सांगा!
आत्या घेईना,
बॅटरी देईना,
गाडी हलेना,
टायर फिरेना,
गोळी सुटेना,
आणि ऊन काही थांबेना!"

"नाही सांगणार!" चाचा म्हणाले. "आपली एक रीत आहे बेटा. टायर उतारावर सोडायचा. पळतो कसा ते बघायचं. मगच सांगायचं. पण माझ्या उतारावर कोण बसलंय, बघ! ती उठेल तर सांगेन. जा म्हशीकडे!"

उतारावर बसली होती म्हैस. केवढी थोरली! चर्र चर्र, चर्र चर्र, रवंथ करत होती.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली म्हशीकडे.

"म्हशीबाई, म्हशीबाई, जरा ऊठ!
चाचा सांगेना,
आत्या घेईना,
बॅटरी देईना,
गाडी हलेना,
टायर फिरेना,
गोळी सुटेना,
आणि ऊन काही थांबेना!"

"ऊंहूं! नाही उठणार!"

"मग मी कुणाकडे जाऊ?"

"कुणाकडेच नाही. मी कुणाच्या सांगण्याने उठत नाही!" आणि म्हशीने डोळे मिटले.

झालं! आता कुणीच उरलं नाही. टिकलीला रडू आलं. तिने गोळीकडे पाहिलं. गोळी वरून पांढुरकी पडत चालली होती.

मग तिने म्हशीकडे पाहिलं. केवढं ते नाक! काळं, ओलं, दोन भोकांचं.

टिकलीने डोळे पुसले. डोकं खाली केलं. मागचे पाय वर केले. आणि उलटं चालत, उलटं चालत, गेली थेट नाकात! गुदूगुदू, गुदूगुदू, गुदूगुदू!

"आ… आ… आऽऽऽक्छी!"

टिकली उडाली! भुर्रर्र! आणि पडली चाचांच्या टोपीवर.

आणि म्हैस? म्हैस उठली!

चाचांनी उतारावर सोडला पहिला टायर. धबक धबक, धबक धबक… दगडाला अडला, थांबला.

"छे! हा तर जाडोबाचा भाऊ!" टिकली टोपीवरून ओरडली.

चाचांनी सोडला दुसरा टायर. गुळगुळीत, चकाचक. झुंईऽऽऽ! पळाला, पळाला, पण वाटेत होतं पाणी सांडलेलं. सर्रर्र! घसरला, आणि धप्पकन पडला. कुठे? शेणात!

"छे! हा तर घसरोबा!"

चाचांनी सोडला तिसरा टायर. गुरगुर गुरगुर, गुरगुर गुरगुर… दगडावरून गेला. पाण्यातून सरळ गेला. लांब, लांब, लांब गेला, आणि कडुलिंबाला टेकला. टुक!

"हाच! हाच!" टिकली टोपीवर नाचायला लागली. "एकदा ढकलला की पळतो, आणि घसरतही नाही. माझ्या गोळीसारखा!"

"पारख आहे हं पोरीला!" चाचा हसले.

मग काय!
म्हैस उठली,
चाचांनी सांगितलं,
आत्याने टायर घेतले,
चाचांनी बसवले. खटखट, खटखट!
हवा भरली. फुस्स फुस्स!
बॅटरीने वीज दिली,
गाडी हलली,
चढ चढली,
टायर फिरला,
आणि गोळी…

अगंबाई! गोळी कुठाय? फिरला तो नवा टायर! जाडोबा तर दुकानाच्या भिंतीला टेकून उभा. खाचेत गोळी घट्ट.

"मी कुठे फिरलो?" जाडोबा म्हणाला. "मी फिरेन तर गोळी सुटेल!"

टिकलीने कपाळाला हात लावला. एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा हात!

पण म्हशीचं नाक अजून हुळहुळत होतं. गुदू… गुदू… गुदू…

"आ… आ… आऽऽऽऽऽक्छी!"

चाचांची टोपी उडाली. आत्याचा पदर उडाला. आणि जाडोबा? जाडोबा सुटला उतारावरून!

धबक धबक, धबक धबक, धबक धबक… दगड! ठाप्प!

टुपुक! गोळी सुटली!

टिकली धावली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोळी वरून जराशी वाळली होती. आणि आत? आत मऊच मऊ!

डोकं खाली, पाय वर. घरंगळ घरंगळ, घरंगळ घरंगळ! टिकलीने गोळी मातीत नेली. मातीत पुरली. बाळाला घर झालं.

पुढे त्या घरातून बाळ आलं. काळं काळं, चकचकीत, तिळाएवढं. आल्या आल्या काय केलं? डोकं खाली केलं, पाय वर केले, आणि लागलं उलटं चालायला!

इंदूआत्याची गाडी अजून त्या चढावरून जाते. गुरगुर गुरगुर, एका दमात! पण आधी आत्या हॉर्न वाजवते. पीं पीं! पीं पीं!

"टिकले, आले गं! बाळाला कडेला घे!"

गोळी गेली मातीत, गाडी गेली गावात, आणि गोष्ट गेली तुझ्या कानात!