डब्यातला तालुका

वाघोशी नावाच्या गावात एक बाई राहत होती. तिचे नाव अश्लेषा. तिला मोडतोड करायची भारी हौस. ही मोडतोड भांड्याकुंड्यांची नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर वाचणारे तिच्या नवऱ्याची कीव करतील.

वाघोशीला तालुक्याचा दूध संघ होता आणि संघाच्या संगणकांची देखभाल अश्लेषाकडे होती. गावोगावी संघाची संकलन केंद्रे होती. सकाळ-संध्याकाळ बायाबापड्या किटल्या घेऊन केंद्रावर येत. दूध काट्यावर चढे, फॅट निघे, आणि तो आकडा कुठे तारेतून, कुठे टाकीवर बसवलेल्या अँटेनाच्या थाळीतून, तडक वाघोशीच्या संगणकावर पोहोचे. आकडा पोहोचला की पावती निघे. आकडा अडला की पावती अडे, पावती अडली की रांग अडे, आणि रांगेतले दूध काही कुणासाठी थांबत नाही. उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

एकदा तसे झालेच. शहरातून एक ठेकेदार आला होता. नेटवर्क जरा सुधारून देतो म्हणाला. आणि ऐन सकाळच्या दुधाला त्याने चालत्या नेटवर्कमध्ये हात घातला. एक सेटिंग बदलायला गेला नि अख्खा तालुका बंद पडला. उन्हे डोक्यावर आली तरी रांगा तशाच. किटल्यांतले दूध नासले. जवळच्या वस्तीवरची एक म्हातारी आपली किटली घेऊन चालत आली, तिने ती संघाच्या पायरीवर उपडी केली आणि निघून गेली. ती पायरी अश्लेषाने स्वतः धुतली. धुता धुता तिने मनाशी ठरवले, यापुढे जे काय मोडायचे ते मी माझ्या घरात मोडेन.

शहरातल्या कुठल्याशा कचेरीने एक जुना सर्व्हर मोडीत काढला होता. तो तिने मिळवला. नवऱ्याने टेम्पोतून घरी आणला आणि मधल्या खोलीत कणगीशेजारी ठेवला. दिसायला नुसता काळा पत्र्याचा डबा. पण त्या डब्याच्या पोटात अश्लेषाने तालुका वसवला. तिथे खरी यंत्रे नव्हती की खऱ्या तारा नव्हत्या. एकाच मशीनच्या आत अनेक लटकी मशीन, लटके राउटर, लटकी केंद्रे, सगळी नुसत्या सूचनांवर चालणारी, पण वागायला खऱ्यासारखी. प्रत्येकाला एकेका गावाचे नाव. पडद्यावर प्रत्येक गावाचा एक ठिपका. गाव चालू तर ठिपका हिरवा, बंद तर लाल.

सासूबाईंना हा प्रकार काही पटला नाही. "घरघर तर गिरणीवाणी करतोय, पर पीठ काय पडंना," त्या म्हणाल्या. "या वयात भातुकली मांडलीस व्हय गं?"

"भातुकलीच आहे, आई," अश्लेषा म्हणाली. "इथे भात करपला तर कुणी उपाशी राहत नाही."

पुढे सासूबाईंच्या ध्यानात आले की डब्याच्या मागून छान गरम वारा येतो. त्यांनी तिथे कुरडयांचे ताट मांडले. त्या दिवसापासून त्यांची तक्रार बंद झाली.

संघ आता सगळे नेटवर्क नव्याने बांधणार होता. शहरातला तो ठेकेदार परत दारात उभा होताच. पण अध्यक्ष आबासाहेबांनी अश्लेषालाही आराखडा करायला सांगितले. आराखडा पसंत पडला तर काम तिचे, नाहीतर ठेकेदाराचे. आणि ठेकेदाराचे म्हणजे पुन्हा कुणाची तरी किटली पायरीवर, असे अश्लेषाला वाटे. म्हणून ती जीव तोडून कामाला लागली. तिने प्रत्येक गावाला वाघोशीला येण्याच्या दोन वाटा दिल्या. एक बंद पडली तर आकड्याने आपोआप दुसरी धरायची. मग रोज संध्याकाळी ती डब्यापुढे बसे आणि एकेक गाव मोडून पाही. आज तांबखेडच्या थाळीची वीज घालव, उद्या बोरवस्तीची तार तोड, परवा शेरेवाडीचा एक राउटर जाळ. ठिपका लाल होई, घटकाभर थांबे आणि दुसऱ्या वाटेने हिरवा होई. नाही झाला तर ती आराखडा दुरुस्त करी आणि तेच गाव पुन्हा मोडी.

तिने सगळी गावे मोडून पाहिली. फक्त एक सोडले. ते म्हणजे उंबरडोह.

उंबरडोह हे तिचे माहेर. तिथल्या पाण्याच्या टाकीएवढी उंच जागा तालुक्यात नाही. टाकीवरची थाळी चारी दिशांना स्वच्छ दिसते, ऊन असो की वादळ. शिवाय टाकीची किल्ली ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर असलेल्या तिच्या सख्ख्या भावाकडे. तिथे काय व्हायचे आहे? तिने काही मुद्दाम टाळले नाही. तिच्या मनातच आले नाही, इतकेच. माहेराबद्दल वाईट कधी मनात येते का?

आराखडा तयार झाला. अश्लेषाची इतकी खात्री होती की व्यवस्थापक डांगेसाहेबांनीही शुभारंभाचा मुहूर्त धरला, पाहुणे ठरवले, पत्रिका वाटल्या आणि पेढे सांगून टाकले. उरली होती फक्त आबासाहेबांची पसंती. त्यासाठी एका दुपारी आबासाहेब आणि डांगेसाहेब तिच्या घरी आले. चहा झाला. अश्लेषाने पडदा उघडला. सगळा तालुका हिरवागार.

"चालू असलेलं दाखवायला मी तुम्हाला बोलावलं नाही, आबासाहेब," ती म्हणाली. "कुठल्याही गावावर बोट ठेवा. मी ते बंद करते."

आबासाहेब म्हातारे, पण हौशी. त्यांनी तांबखेडवर बोट ठेवले. ठिपका लाल झाला, नि पाहता पाहता हिरवा. शेरेवाडीवर ठेवले. लाल, पुन्हा हिरवा. त्यांना मजा वाटू लागली. गाव मारायचे नि जिवंत करायचे, हे सुख अध्यक्षालाही रोज मिळत नाही. मग त्यांचे बोट उंबरडोहवर आले.

"आता हे घालवा."

अश्लेषा हसली. "ते माझं माहेर आहे. ते नाही हो जायचं."

"माहेर म्हणून वीज जायची राहते होय? घालवा बघू."

तिने हसत हसतच कळ दाबली. उंबरडोह लाल झाला. मग शेजारचे बोरवस्ती. मग तांबखेड, मग शेरेवाडी. निम्मा तालुका लाल झाला आणि लालच राहिला.

डांगेसाहेबांनी आधी पडद्याकडे पाहिले, मग अश्लेषाकडे. माणूस मायाळू होता, आणि पेढे त्याने सांगितले होते. "जुना सर्व्हर आहे, आबासाहेब," ते घाईने म्हणाले. "मोडीतला. तापला असणार. खऱ्या यंत्रांवर असं नाही व्हायचं."

दारातून सासूबाईही मदतीला धावल्या. "तापलाच असंल. सकाळधरनं म्याच कुरडयांचं ताट आडवं लावलंय की त्याला. माजीच चूक, आबा."

झाले. सबब आयती चालून आली होती, तीही दोन-दोन प्रेमाच्या माणसांकडून. अश्लेषाला नुसती मान हलवायची होती. काम हातात पडले असते. चूक तिची तिने नंतर गुपचूप दुरुस्त केली असती आणि कुणाला कळलेही नसते. तिच्या मनात हे आले नाही असे नाही. चांगले आले. मान हलवायला कितीसा वेळ लागतो?

पण पडद्यावर काय दिसत होते ते त्या खोलीत तिला एकटीलाच समजत होते. आज ती चूक मशीनवर ढकलून मोकळी झाली, तर उद्या त्या मशीनने सांगितलेल्या कशावर ती विश्वास ठेवणार होती? जो डबा खरे सांगतो म्हणून तिने घरात आणला, त्यालाच ती खोटा पाडणार होती.

"मशीन बरोबर आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज पडला नव्हता. "चुकले मी. प्रत्येक गावाला दोन वाटा दिल्या खऱ्या, पण निम्म्या गावांच्या दोन्ही वाटा मी उंबरडोहच्या टाकीवरूनच नेल्या. कागदावर दोन दिसतात. आहे एकच."

"हे आधी पाहिलं नाही?" आबासाहेबांनी विचारले.

"सगळी गावं मोडून पाहिली. माहेर नाही मोडलं."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसले. डांगेसाहेब कळवळून म्हणाले, "अहो, पत्रिका वाटून झाल्या! शुभारंभाचं काय करायचं?"

"पुढे ढकला," अश्लेषा म्हणाली. "पत्रिका पुन्हा छापता येतात, साहेब. नासलेलं दूध म्हशीत परत घालता येत नाही."

आबासाहेब उठले, सासूबाईंना नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले.

मग जे व्हायचे ते झाले. गावात बोभाटा झाला की बाईचा डबा अध्यक्षांसमोर बंद पडला. संघात चहाच्या वेळी कुणी तरी विचारी, "काय ताई, आज तालुका कुठल्या डब्यात आणलाय?" तिला ते झोंबे. पण तिने डबा बंद केला नाही. तिने शेरेवाडीच्या टेकडीवरून नवी वाट काढली. उंबरडोहशी तिचा काही संबंधच येऊ नये अशी काढली. आता रोज संध्याकाळी डब्यापुढे बसली की ती सगळ्यांत आधी माहेर बंद करी आणि मगच बाकीची गावे. पहिल्या दिवशी हात जरा अडखळला. पुढे सवय झाली. निम्मा तालुका लाल होण्याऐवजी उंबरडोहचा एकटा ठिपका लाल होऊ लागला, आणि थोड्या वेळाने तोही दुसऱ्या वाटेने हिरवा. तेव्हा तिने आबासाहेबांना पुन्हा निरोप धाडला.

आबासाहेब आले नाहीत. त्यांनी तिलाच संघात बोलावून घेतले.

"दुसऱ्यांदा बघायची गरज नाही," ते म्हणाले. "मधल्या काळात मी त्या ठेकेदाराकडे जाऊन आलो. फार देखणं काम. सगळं हिरवं. मी एका गावावर बोट ठेवलं नि म्हटलं, हे बंद करून दाखवा. तर म्हणाला, साहेब, त्याला हात नका लावू." आबासाहेब हसले. "काम तुझं. सुरू कर."

काम सुरू झाले, संपले. शुभारंभही झाला. पेढे दुसऱ्यांदा सांगावे लागले, म्हणून डांगेसाहेब थोडे कुरकुरले, पण पहिला पेढा त्यांनीच खाल्ला.

मग उन्हाळा आला. एका सकाळी अश्लेषा संघात पोहोचली आणि तिने खऱ्या तालुक्याचा पडदा उघडला. तिथे गावांखेरीज टाकीवरच्या थाळीचाही वेगळा ठिपका होता, आणि तो लाल होता. ऐन दुधाची वेळ. तिने भावाला फोन लावला.

"ती थाळी होय?" भाऊ आरामात म्हणाला. "खाली काढून ठेवलीया ताई. टाकीला रंग द्यायचा हाय नव्हं."

"अरे, कधी काढलीस?"

"कालच्याला. का गं? काय अडलं का?"

काल! म्हणजे काल संध्याकाळचे दूध आणि आज सकाळचे, दोन्ही टाकीवाचून आले होते. अश्लेषाने फोन तसाच ठेवला आणि ती धावत बाहेरच्या केंद्रावर गेली. रांग पुढे सरकत होती. किटल्या रिकाम्या होत होत्या, पावत्या निघत होत्या. तिथल्या माणसाला तिने उंबरडोहचे विचारले. तिथलेही दूध मोजले गेले, आकडे आले, असे तो म्हणाला, त्यात काय विशेष, अशा सुरात. तांबखेड, बोरवस्ती, सगळीकडून आकडे येत होते. रांगेतल्या कुणी मान वर करूनही पाहिले नाही. कुणी कशाला पाहील? पाहण्यासारखे तिथे काही घडलेच नव्हते.

डांगेसाहेब दारातून ओरडले, "काय हो, पळत का आलात? काय झालं?"

"काही नाही झालं, साहेब," अश्लेषा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "काहीसुद्धा झालं नाही!"

तात्पर्य: ज्याला काही होणार नाही अशी आपली सर्वांत जास्त खात्री असते, ते आधी मोडून पाहावे, आणि मोडले तर सबब कितीही प्रेमाने पुढे आली तरी चूक आपली म्हणावी, कारण आपली म्हटलेली चूकच दुरुस्त होते.