फाटकात अडलेला ट्रक

तात्यासाहेब इंगवल्यांच्या सगळ्यात जुन्या ट्रकचा डायनॅमो जळाला, आणि या खटाऱ्याला आता नवा डायनॅमो बसवायचा नाही, असं तात्यासाहेबांनी ठरवून टाकलं. डायनॅमो नाही म्हणजे बॅटरी चार्ज होणार नाही. एकही ड्रायव्हर त्या ट्रकला हात लावेना.

नेमकी तेव्हाच मंजुळा नाईक काम मागायला आली. तिचे वडील याच ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांच्या शेजारी बसून ती गाडी शिकली, परवानाही काढला. पण अख्ख्या गडहिंग्लजात तिच्या हातात ट्रक द्यायला कुणी तयार नव्हतं. तात्यासाहेबांच्याही मनात नव्हतं. पण सरळ नाही म्हणतील तर ते तात्यासाहेब कसले! ते मिशीतल्या मिशीत हसले.

"हाच ट्रक घे. गूळ सावंतवाडीला उतरव आणि उद्या दिवस मावळायच्या आत चालू गाडी इथं आण. डायनॅमो बसवायचा नाही, बॅटरी कुठं चार्ज करायची नाही, रात्रभर इंजिन चालू ठेवून माझं डिझेल जाळायचं नाही. आणि गाडी कुणी ढकलायची नाही. जमलं तर ट्रक तुझा. म्हणजे चालवायला! नाही जमलं तर या दारात पुन्हा यायचं नाही."

मंजुळानं ट्रकभोवती एक फेरी मारली. जुन्या डिझेल इंजिनाला वीज लागते ती फक्त सुरू होताना. एकदा धडधडायला लागलं की डिझेल मिळतंय तोवर त्याला बॅटरीची आठवणही येत नाही. तिनं होकार दिला.

दुसरा कुणी क्लीनर म्हणून यायला तयार होईना, म्हणून तिनं गोदाआत्याला सोबत घेतलं. बॅटरी वाचवायची तर हॉर्न वाजवायचा नाही, आणि हॉर्नशिवाय आंबोलीचा घाट उतरायचा कसा? आत्यानं घरातली पितळी परात मांडीवर घेतली आणि प्रत्येक वळणावर खिडकीतून ती लाटण्यानं बडवली. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं वरात समजून गाडी पार कडेला घेतली.

सावंतवाडीत इंजिन चालू ठेवूनच तिनं गूळ उतरवला. व्यापारी म्हणाला, रात्री ट्रक गोदामात लावा. गोदामाची फरशी सपाट. मंजुळानं हात जोडले आणि ट्रक जवळच्या चढावर नेऊन उताराकडे तोंड करून लावला. चाकांखाली दगड ठेवले, इंजिन बंद केलं आणि दोघी आतच झोपल्या.

सकाळी आत्यानं दगड काढले. ट्रक आपल्याच वजनानं घरंगळू लागला. मंजुळानं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, एक हिसका बसला, आणि इंजिन खोकत जागं झालं. धावत आलेल्या आत्याला तिनं वर ओढून घेतलं.

घाट चढून आंबोलीत पोचल्या तर दाट धुकं. दिवे लावायची सोय नव्हती. रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून त्या थांबून राहिल्या. दुपार कलली तरी धुकं हलेना. वाट दिसू लागली तशी तिनं जी गाडी काढली, ती आजऱ्यातही चहाला थांबली नाही.

ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हा ट्रक तात्यासाहेबांच्या फाटकात शिरला. हात आडवा करून तात्यासाहेबांनी तो तिथंच थांबवला, केबिनमध्ये चढले आणि इंजिन बंद करायची मूठ स्वतःच ओढली. इंजिन गप्प झालं.

"आता कर चालू," ते म्हणाले.

मंजुळानं चावी फिरवली. नुसती टकटक झाली; बॅटरीत तेवढा जोर उरलाच नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तेवढ्यात आवारातून जीपचा हॉर्न ऐकू आला. गावात कुस्त्यांचं मैदान होतं, तात्यासाहेब प्रमुख पाहुणे होते, आणि त्यांना न्यायला आलेले पैलवान जीप काढून खोळंबले होते. बाहेर पडायला फाटक एकच, आणि त्यात ट्रक.

तात्यासाहेबांनी ट्रक बाजूला घ्यायला फर्मावलं. मंजुळा हाताची घडी घालून बसली.

"कसा घेऊ, मालक? चालू आणायचा होता, चालू आणला. बंद तुम्ही केलात."

मैदानाकडून हलगी ऐकू येऊ लागली. तात्यासाहेब घड्याळाकडे बघत पुटपुटले, पैलवानांना हाक मारली आणि ढकला म्हणाले. पैलवानांनी मागून खांदे लावले, तसा मंजुळानं ब्रेक दाबून धरला. ट्रक तसूभर हलेना.

"अगं, ब्रेक सोड!"

"सोडते की. पण कुणी ढकलायचं नाही, ही अट तुमचीच. ती आत्ता तुम्हीच मोडताय. मग पैज कोण हरलं, तेवढं सांगा."

पैलवानांनी हसू लपवायला तोंडं फिरवली. मग तात्यासाहेबांचं पोट हलायला लागलं आणि ते इतके हसले की फेटा सुटून गळ्यात आला.

"हरलो, पोरी, हरलो! ट्रक तुझा. उद्या नवा डायनॅमोही बसवून घे."

असं म्हणून त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि पैलवानांच्या शेजारी स्वतःही खांदा लावला.