धुवून-पुसून आणलेला डबा

कॅनडातल्या एका मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष धारपकाका दर रविवारी संस्कारवर्ग चालवत. तिथे संस्कृती इयत्तेवार शिकवली जाई आणि मार्चमध्ये तिची परीक्षा होई, म्हणजे एप्रिलमध्ये ती विसरायला मुलं मोकळी.

इरा खळदकरने मात्र वर्ग बुडवून वर्षभर आत्याबरोबर एसटीने महाराष्ट्र पालथा घातला. परत आल्यावर तिला मंडळाच्या गणेशोत्सवाचं निवेदन करायचं होतं. आईने डबाभर बेसनाचे लाडू देऊन तिला काकांकडे पाठवलं. काकांनी लाडू ठेवून घेतले आणि निर्णय सभेवर ढकलला.

भर सभेत काकांनी डबा तिच्या हातात दिला.

"हा तुमचा डबा. मी स्वतः धुवून-पुसून आणलाय, याला संस्कार म्हणतात. निवेदन प्रमाणपत्रवाल्यांनाच मिळेल. वर्षभर भटकून तू शिकलीस तरी काय?"

इराने झाकण काढून रिकामा डबा सगळ्यांना दाखवला.

"काका, तिकडे ज्या ज्या घरी आम्ही खाऊ नेला, तिथून डबा कधी रिकामा परत आला नाही. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालून द्यायचे. हे तुमच्याकडे कितवीला आहे?"

काका अभ्यासक्रम आठवू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून धारपकाकू उठल्या. सभेत वाटायला आणलेले प्रसादाचे पेढे डब्यात भरून त्या म्हणाल्या, "निवेदन तूच कर गं. आणि पुढच्या खेपेला यांनाही बरोबर घेऊन जा."