पुढचा भोई

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात कुणी आजारी पडलं, की त्याला डोलीतून पायथ्याच्या वैद्याकडे न्यावं लागे. तिथला एक तरुण भोई पळण्यात भलताच तरबेज होता. डोलीच्या दांडीचं पुढचं टोक त्याच्या खांद्यावर असे, मागचं त्याच्या मामाच्या. मागच्याला डोलीमुळे पुढची वाट दिसत नाही. म्हणून पुढच्यानं ओरडून सांगायचं, "डावीकडं धोंडा! पुढं उतार!" आणि मागच्यानं त्या भरवशावर पाऊल टाकायचं, हा भोयांचा रिवाज.

एका सकाळी गावातली एक बाई बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. दोघांनी बाईला डोलीत घेतलं आणि डोंगर उतरू लागले.

अर्ध्या वाटेवर शेजारच्या गावचे दोन भोई रिकामी डोली घेऊन मागून आले आणि झपझप पुढे गेले.

"काय पाव्हणं, मुंग्या मोजत चाललाय व्हय?" त्यांतला एक हसला.

तरुणाचे कान तापले. "मामा, पाय उचला. यांना मागं टाकतो."

"आरं, त्यांची डोली रिकामी हाय. आपल्या डोलीत बाई हाय."

"म्हणूनच तर लवकर पोचायचं!"

उत्तर बिनतोड होतं. ते खरं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

तो सुटला. मामाला ओढल्यासारखं मागे धावावं लागलं. धाप लागली, तसं ओरडण्यात दम जातो म्हणून तरुणानं वाट सांगणं सोडून दिलं.

"बोल रं, बोल!" मामा विनवत होता. आतून बाई कण्हली, "बाबांनो, जपून."

तरुणाला फक्त पुढच्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. एका वळणावर त्यानं त्यांना गाठलं, ओलांडलं आणि तेव्हा कुठे तोंड उघडलं, "टाकलं का न्हाई मागं?"

त्याच क्षणी मामाचा पाय धोंड्यांच्या फटीत गेला. डोली आदळली. मामाचा घोटा मोडला.

मागे पडलेले दोघे धावत आले. एक मामाजवळ थांबला. मघा हसलेल्यानं दांडीचं मागचं टोक खांद्यावर घेतलं. "वाट सांगत चल," तो म्हणाला, "मुकाट पळायचं असंल तर एकटाच जा."

तरुण प्रत्येक धोंडा सांगत उतरला.

बाई वाचली. मूल निपचितच जन्मलं. ते आदळण्यानं गेलं की उशिरानं, हे वैद्याला सांगता आलं नाही आणि तरुणाला विचारवलं नाही.

तात्पर्य एवढंच: आपल्याच ओझ्याचं दुसरं टोक ज्याच्या खांद्यावर आहे, त्याच्याहून जोरात धावण्याला पुढे जाणं म्हणत नाहीत.