ब्रेक सोडताना

"अजून किती जोरात दाबू, उस्ताद?"

शाल्मलीने ब्रेकच्या पेडलवर पाय रोवून विचारलं.

दस्तगीर उस्ताद बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले.

ऐन उमेदीत त्यांनी रॅलीच्या गाड्या बांधल्या होत्या, पळवल्याही होत्या. आता गुडघे साथ देत नव्हते. मिरजेतल्या त्यांच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत पुतण्याने सिम्युलेटर बसवला होता. खऱ्या गाडीसारखी सीट, स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि समोर पडद्यावर धावणारा ट्रॅक. उस्ताद त्यात कधी बसत नसत. मागे स्टुलावर बसून नुसते ऐकत.

शाल्मली जगदाळे आठवड्याचे सहा दिवस दाताच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायची. रविवार मात्र तिचा असायचा, या सिम्युलेटरवर. जिल्ह्यात तिच्याइतकी वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, कुणाची नव्हती, आणि हे तिला पुरेपूर माहीत होतं.

पण या एका ट्रॅकवर ती तीन आठवडे अडकली होती. एक मिनिट बेचाळीस सेकंद आणि वर थोडंसं. ते वरचं थोडंसं जातच नव्हतं. एका ऑनलाइन स्पर्धेत बेचाळीसच्या आत जो येईल, त्याला कोइमतूरला खऱ्या रेसिंग गाडीत बसवणार होते. आज संध्याकाळी सहापर्यंत मुदत होती. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

"सगळ्यांच्या नंतर ब्रेक मारते मी," ती म्हणाली.

"दिसतंय."

"सगळ्यांपेक्षा जोरात मारते."

"ऐकू येतंय."

"मग गाडी वळणात बाहेर का जाते? पेडलच खराब आहे हे."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"सोडतेस कसा?"

"काय?"

"ब्रेक."

"सोडायचं काय त्यात? वळण आलं की पाय काढते."

"हं..."

उस्ताद उठले. बंद पडलेली गाडी ओढायचा, टोचनचा दोर त्यांनी खुंटीवरून काढला. तिला सीटवरून उठवून एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या मुठीला गुंडाळलं.

"मागे रेल. सगळा भार टाक."

ती रेलली. दोर ताठ झाला.

उस्तादांनी एकदम मूठ उघडली.

शाल्मली धाडकन मागच्या टायरांच्या ढिगावर आदळली. कोपर खरचटलं. तिचे डोळे भरून आले, ते लागल्यामुळे की अपमानाने, हे तिलाही कळलं नाही.

"लागलं?"

"नाही."

"चल, ऊठ. पुन्हा."

ती उठली. या वेळी दात आवळून उभी राहिली.

"डोळे मीट."

तिने मिटले. भार टाकला. आता सोडतील, मग सोडतील, म्हणून अंग आक्रसून वाट पाहत राहिली. बराच वेळ गेला. पाय हळूहळू जमिनीवर घट्ट झाल्यासारखे वाटले.

"सोडा ना आता, उस्ताद!"

"कधीच सोडलाय. थोडा थोडा करून."

तिने डोळे उघडले. दोराचं टोक उस्तादांच्या पायाशी पडलं होतं. ती आपल्या पायांवर सरळ उभी होती.

...

शाल्मली पुन्हा सीटवर बसली.

पहिली लॅप त्रेचाळीसच्याही वर गेली. तिने वैतागून मागे पाहिलं. उस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

दुसरीही तशीच.

तिसऱ्या लॅपला ट्रॅकवरचं सर्वांत अवघड वळण आलं. तिने ब्रेक दाबला, आणि या वेळी पाय झटकन काढला नाही. स्टिअरिंग जसजसं वळत गेलं, तसतसा पाय उचलत नेला. थोडा... अजून थोडा... गाडीचं नाक रस्त्याला धरून राहिलं. टायर ओरडले नाहीत. खोलीत एवढं शांत झालं की गाडी बंद पडली की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

सातवी लॅप संपली. एक मिनिट एकेचाळीस सेकंद, आठ दशांश.

तिने तो आकडा दोनदा वाचला. मग घाईघाईने लॅप पाठवून दिली. पोहोचल्याची नोंद आली तेव्हा सहाला वीस मिनिटं होती.

ती ओरडेल, नाचेल, असं तिला स्वतःलाच वाटलं होतं. पण ती तशीच बसून राहिली. हात स्टिअरिंगवर सैल पडले होते.

"उस्ताद."

"बोल."

"तीन आठवडे जीव काढला, तेव्हा नाही आलं. आणि आत्ता... जोर लावल्याचं आठवतसुद्धा नाही. हळू चालवतेय असंच वाटत होतं."

उस्तादांनी दोर परत खुंटीला अडकवला.

"घरी सगळे विचारतील, कसं केलंस म्हणून." ती सीटवरून मागे वळली. "मी काही केल्यासारखं वाटतच नाही. मग हे मी केलं, असं म्हणू तरी कसं?"

उस्तादांनी रिकामी कपबशी उचलली आणि ती विसळायला ते नळाकडे निघाले.

"मग नको म्हणूस."