कुंकवाने माखलेले पासबुक

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक निवृत्त पोस्टमास्तर राहत असत. पोस्टात नव्याने रुजू झालेली एक तरुण कारकून त्यांना गुरुस्थानी मानी आणि कामातील अडचणी घेऊन त्यांच्याकडे जाई.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला गावातील भांड्यांच्या व्यापाऱ्याने दोघांना बोलावले. चौरंगावर चोपड्या, चांदीचे नाणे, बत्तासे आणि सर्वांत पुढे एक पासबुक मांडले होते. व्यापाऱ्याची मुलगी गिरिजा हिच्या नावे, तिच्या जन्माच्या वर्षी, सरकारी बचत योजनेत उघडलेल्या खात्याचे ते पासबुक. गिरिजा आता आठ वर्षांची होती. त्या दिवशीही ती अंगणात एका लंगड्या कुत्र्याच्या पायाला चिंधी बांधत बसली होती.

“जनावरांची डॉक्टर व्हायचंय तिला,” व्यापारी कौतुकाने म्हणाला. “शिक्षणाची काळजी नाही. आठ वर्षं हे पुस्तक न चुकता पुजतोय.”

मास्तरांनी पासबुक उचलले. पाने हळदीकुंकवाने एकमेकांना चिकटली होती. नखाने सोडवली तेव्हा आत एकच नोंद निघाली, खाते उघडल्याच्या दिवसाची. मास्तरांनी ते मिटले आणि सर्वांदेखत आपल्या पिशवीत टाकले. रिकाम्या जागी तबकातील एक सुपारी ठेवली.

“मास्तर, मांडलेली पूजा हलवू नये,” व्यापाऱ्याची आई म्हणाली. “एवढे शिकलेले तुम्ही.”

“आजी, इथे लक्ष्मी बसलीच कुठे होती?”

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “पोरीचं पुढचं सगळं त्यावर आहे, मास्तर.”

“म्हणूनच नेतो. पोस्ट उघडलं की तिला घेऊन ये आणि पुस्तक सोडवून ने.”

वाटेत शिष्येला राहवले नाही. “सणाच्या दिवशी, चार माणसांत? बाजूला घेऊन सांगता आलं असतं.”

“तीन वर्षं बाजूला घेऊनच सांगतोय, बाई. तो हो म्हणतो आणि पुढच्या दिवाळीला आणखी कुंकू वाहतो.” मास्तर थोडे थांबले. “त्याची श्रद्धा खोटी नाही. पण हात जोडले की काम झाल्याचं समाधान मिळतं, आणि त्या समाधानापायी काम राहून जातं. पुस्तक चौरंगावर दिसत होतं तोवर त्याला काही उणं भासत नव्हतं. आज जागा रिकामी दिसली. सरकारने हमी दिली, व्याज दिलं. पण खिडकीपर्यंत चालत यायचं ते बापानेच. तेवढं देवीसुद्धा करत नाही.”

पोस्ट उघडले त्या सकाळी खिडकीशी पहिला नंबर व्यापाऱ्याचा होता. मास्तरांनी पासबुक त्याच्या हाती दिले. थकलेल्या वर्षांची किमान रक्कम आणि थोडासा दंड भरून खाते पुन्हा जिवंत झाले. पैसे भरण्याची चिठ्ठी गिरिजाने वळणदार अक्षरात लिहिली, बापाने सही केली. मग दर महिन्याला, त्या महिन्याचे व्याज बुडू नये म्हणून पाच तारखेच्या आत, बापलेक येत राहिले. लग्नसराईत रक्कम मोठी असे, पावसाळ्यात अगदी लहान. पण महिना कोरा गेला नाही. खात्याची पंधरा वर्षांची भरण्याची मुदत संपली तेव्हा दुसरे पासबुकही भरत आले होते.

आणखी तीन वर्षांनी गिरिजाला पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शिष्या तोवर स्वतः पोस्टमास्तर झाली होती. शिक्षणासाठी रक्कम काढण्याच्या अर्जावर शिक्का तिनेच मारला, आणि गिरिजाने फी एका पैशाचे कर्ज न काढता भरली.

त्या लक्ष्मीपूजनाला मास्तर काठी टेकत आले, सोबत शिष्या होती. गिरिजा परीक्षेमुळे गावी नव्हती. चौरंगावर दोन्ही पासबुके होती. जुन्याच्या पानांत अजून लाल डाग होते, नवे स्वच्छ होते. त्यांच्यावर फीची पावती, आणि पावतीवर एक सुपारी.

“कुंकू वाहिलं नाहीस?” मास्तरांनी विचारले.

“अक्षरं झाकली जातात,” व्यापारी म्हणाला.

आजी या घटकेची दहा वर्षे वाट पाहत होती. “मास्तर, आता विचारा की, लक्ष्मी बसलीय कुठे?”

“सांगा, कुठे?”

“बसली नाही. शिकायला गेलीय.”

मास्तरांनी मान लववली. शिष्येने पावती एकदा वाचली आणि होती तशी जागेवर ठेवली.