आधी वरवंटा

एका डोंगरगावात एक विणणारी बाई होती. नाव तिचं भिवरा, पण नुसत्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे. साऱ्या गावाची ती आत्या. बारशाला कुंची जशी आत्याने आणायची असते, तशी या गावात बाळाची झोळी भिवराआत्याने विणायची. मग बाळ पाटलाचं असो की मेंढपाळाचं.

आता झोळी कशाला, ते ऐका. गावापुढे दरी होती. इतकी खोल की तळातली नदी वरून दिसायची, पण ऐकू यायची नाही. दरीपलीकडे देवीचं ठाणं. बाराव्या दिवशी देवीच्या पायावर घातल्याशिवाय गावातल्या बाळाला नाव मिळत नसे. पलीकडे जायला वाट एकच, दोरांचा झुलता पूल. त्यावर चालायचं तर दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दोर घट्ट धरावे लागायचे. मग बाळाला धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून बाळाचा मामा गळ्यात झोळी अडकवायचा, झोळीत बाळ ठेवायचा आणि पूल ओलांडायचा. तेवढा वेळ बाळाला आधार फक्त झोळीचा.

झोळी असायची कोकरांच्या पहिल्या लोकरीची. सायीसारखी मऊ, दरीतल्या वाऱ्यात उबदार. पण विणायला महा अवघड बरं का. लोकर केसाळ आणि घसरट. विणलेल्या भागावर तिची लव अशी पसरायची की टाके दिसतच नसत, बोटांनी चाचपून मोजावे लागत. आणि चुकलं तर उसवायचीही सोय नाही, केसात केस गुंतून धागाच तुटायचा. म्हणून आत्याच्या सासूने तिला एक शिस्त लावली होती. दर दहा ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून एक पांढरा सुती दोरा ओवून ठेवायचा. एखादा टाका निसटलाच, तर तो खालपर्यंत धावत जात नाही, दोऱ्यापाशी अडकतो.

गावाचीही एक शिस्त होती. बारशाला आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, त्याला गोप्या म्हणतात, ठाऊक आहे ना? तसा इथेही आधी वरवंटा लाल फडक्यात गुंडाळून झोळीत घालायचा, मामाने तो पुलावरून पलीकडे न्यायचा, परत आणायचा, आणि मगच बाळाची पाळी. पण आत्याची झोळी कधी फाटली नाही, उसवली नाही. तीस वर्षं नाही. मग गावाला कंटाळा आला. दुपारनंतर दरीत वारा सुटतो, दोन खेपा कोण करणार? पुजारी वरवंटा झोळीला नुसता टेकवायचा आणि बाजूला ठेवायचा. आत्यालाही त्याचं बरंच वाटायचं. एवढा भरवसा आपल्यावर! मग तिनेही दोरा ओवणं सोडून दिलं. दोरा नवशिक्यांना लागतो, असं ती पोरींना सांगायची. दोघांनीही आपापली शिस्त सोडली, आणि आता चूक पकडायला काहीच उरलं नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी सगुणाला मुलगी झाली. लग्नानंतर नवव्या वर्षी. गाव आनंदलं. आत्या ओट्यावर झोळी विणायला बसली, भोवती बायका जमल्या, तिच्या हाताचं कौतुक सुरू झालं. आत्याही खुशीत होती. जीभ चालत होती आणि सुयाही चालत होत्या.

अकराव्या दिवशी दुपारी झोळी संपत आली. शेवटची ओळ बंद करण्याआधी आत्याने सवयीने टाके मोजले. ऐंशी हवे होते. एकोणऐंशी भरले.

पुन्हा मोजले. एकोणऐंशीच. म्हणजे कुठेतरी, कुठल्यातरी ओळीत, एक टाका सुईवरून निसटला होता. तिने झोळी मांडीवर पसरली, बोटांनी चाचपली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली. लोकर कशी मऊ मऊ, एकसारखी. कुठे भोक नाही, कुठे सैल नाही. दोरा ओवला असता तर शोधायला दहाच ओळी होत्या. आता दोनशे होत्या. आणि बारसं दुसऱ्या दिवशी.

मग आत्याने काय केलं? तिने कडेला एक टाका वाढवला, ऐंशी पुरे केले आणि ओळ बंद केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मनाशी म्हणाली. पण मूठ झाकून आतलं कुठे जातं? संध्याकाळी तिने ताट तसंच सरकवून ठेवलं. एका टाक्याने काय होतंय, असं ती दहादा म्हणाली, आणि दहाही वेळा तिला ती दरी आठवली. सांगावं, तर हात दाखवून अवलक्षण. तीस वर्षांचं नाव एका टाक्यापायी जाणार. लोक म्हणणार, म्हातारी झाली, आता झोळी दुसऱ्या कोणाकडून विणून घ्या. तिला त्या बोलण्याची भीती वाटत होती आणि दरीचीही, आणि दोन भीतींच्या मध्ये ती बिचारी पिळून निघाली.

बाराव्या दिवशी सकाळी सारं गाव पुलाशी जमलं. सगुणाचा भाऊ, बाळाचा मामा, आदल्या दिवशीच आला होता. धिप्पाड गडी, भाचीच्या कौतुकाने फुलून गेलेला. झोळी हातोहात फिरली. बायकांनी गालाला लावून पाहिली. अशी झोळी आजवर झाली नाही, असं जो तो म्हणाला. कोणाच्या तरी बोटाला तो टाका लागावा, आपण न सांगताच सगळ्यांना कळावं, असं आत्याला मात्र वाटत होतं. पण लव इतकी दाट की कोणालाच काही लागलं नाही.

पुजाऱ्याने वरवंटा झोळीला टेकवला आणि दगडाशी ठेवून दिला. सगुणाने मुलीचा मुका घेतला आणि तिला झोळीत निजवलं. मामाने दोन्ही दोर धरले.

त्याने पहिल्या फळीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या. पूल हलायला लागला. चौथ्या फळीखाली जमीन नव्हती. झोळीचा फुगलेला तळ आत्याला दिसत होता, आणि त्यावर आतून उमटलेली बाळाची एवढीशी टाच.

"थांब," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. मग ती जिवाच्या आकांताने ओरडली, "थांब! माघारी ये!"

मामा थबकला. एकेक पाय मागे टाकत परत आला. सगुणाने झडप घालून मुलीला उचललं. सगळे आत्याकडे बघत होते.

"या झोळीत एक टाका सुटलाय," आत्या म्हणाली. "कुठे ते मला सापडत नाही. कालपासून ठाऊक आहे मला."

मग पुजाऱ्याने झोळी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी ताणली, गुडघ्यावर आपटून पाहिली. झोळी जशीच्या तशी. तो हसला. आत्याचं वय झालं, मोजण्यात घोटाळा झाला असेल, असं म्हणाला. लोकही हसले. आत्याचा सुटलेला टाकासुद्धा आपल्या गाठीपेक्षा पक्का, असं कोणीतरी म्हणालं. वारा सुटायच्या आत आटपा, अशी घाई सुरू झाली.

बघा, किती सोपं होतं. सांगून झालं होतं, आणि नावही शाबूत राहिलं होतं. आत्याने नुसती मान हलवायची होती. क्षणभर तिच्या मनात आलंही. पण सगुणा मुलीला छातीशी धरून तिच्याकडेच बघत होती. हसत नव्हती ती.

आत्याने वाकून वरवंटा उचलला. "आधी हा," ती म्हणाली. "पूर्वी जायचा तसा. जाऊन, परत येऊन."

लोक कुरकुरले, पण मामा निघाला. वरवंटा झोळीत, हात दोरांवर. अर्धा पूल गेला. काही झालं नाही. मामा पलीकडे पोचला, देवीला हात जोडून वळला. लोकांनी निःश्वास सोडला. आत्याचा चेहरा शरमेने उतरला. उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला लावला, असं तिलाही वाटायला लागलं.

मामा परतताना पुलाच्या मध्यावर आला आणि वाऱ्याने पूल हेलकावला. झोळीचा तळ आधी बोटभर उघडला. केसाळ लोकरीने इतका वेळ घट्ट धरून ठेवलेला तो टाका आता ओझ्याने घसरला होता. त्याच्यामागे त्याच्या खालचा टाका, मग त्याच्या खालचा. मामाला कळायच्या आत बोटाचं भोक वीतभर झालं, आणि लाल फडक्यातला गोप्या खाली गेला.

सगळे आवाजाची वाट बघत राहिले. आवाज लगेच आला नाही. बराच वेळ आला नाही. मग खूप खालून, कड्यांत घुमत, एक बारीकसा ठक् असा आवाज आला.

सगुणा मटकन खाली बसली. मुलगी तिच्या कुशीत गाढ झोपलेली होती. तिला काय ठाऊक! मामा कसाबसा अलीकडे आला, तेव्हा त्याच्या गळ्यात झोळीच्या नुसत्या कडा लोंबत होत्या. पुजाऱ्याने आपले दोन्ही हात उपरण्याखाली दडवले होते. त्याच हातांनी त्याने झोळी ताणून पाहिली होती.

आत्याने कनवटीच्या सुया काढून सगुणापुढे ठेवल्या. म्हणाली, आजपासून माझ्या हातची झोळी नको.

सगुणाला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. कालपासून ठाऊक होतं, तर काल का नाही सांगितलं? तिने तसं विचारलंही. आत्या खाली मान घालून रडली.

मग सगुणाने सुया उचलल्या आणि आत्याच्या हातात परत दिल्या. "दुसरी झोळी तुम्हीच विणायची, आत्या. ज्यांचं कधी चुकतच नाही, त्यांच्या झोळीत मी माझी पोर घालणार नाही. मी शेजारी बसते. दोरा मी ओवते."

बारसं नऊ दिवस पुढे गेलं. या वेळी ओट्यावर गप्पा नव्हत्या. दर दहा ओळींनी आत्या थांबायची, मोठ्याने टाके मोजायची, आणि सगुणा पांढरा दोरा ओवायची. ते दोरे त्यांनी काढलेच नाहीत, तसेच राहू दिले. एकविसाव्या दिवशी नवा वरवंटा पूल ओलांडून गेला आणि परत आला. मग मुलगी गेली. तिला नाव मिळालं.

त्या गावच्या झोळ्यांवर तेव्हापासून पांढऱ्या रेघा असतात, आणि घाई कितीही असली तरी वरवंटा आधी जातो. पुढे त्याच मुलीने आत्याला एकदा विचारलं, एवढ्या झोळ्या विणल्यास, आता तरी तुझी भीती गेली का गं?

"नाही गेली," आत्या म्हणाली. "जाऊ पण नये. ती गेली होती तेव्हाच टाका सुटला."

तात्पर्य: चूक मऊ लोकरीत लपते, पण ओझं पडलं की उघडी पडते. म्हणून नाव जाईल या भीतीने गप्प बसू नये, वेळेवर बोलावं. आणि भरवसा कितीही असला तरी आधी वरवंटा पाठवावा.